तळ्यावरची हजेरी

चिकपेटेत साड्या मापणाऱ्या माणसाला खंदक वाकडा खणायचा असतो हे कसं काय ठाऊक?

अख्ख्या कॉलनीत हा प्रश्न मला एकटीला पडला. बाकीचे सगळे खणत होते.

आमच्या कारखान्याची कॉलनी बेंगळुराबाहेर, के. आर. पुरमच्या अलीकडे आहे. पासष्टच्या सप्टेंबरात तिकडे पंजाबात लढाई पेटली, आणि इकडे आमच्या खिडक्यांना तपकिरी कागद चिकटले, कारखान्याच्या भोंग्याचा सायरन झाला आणि कॉलनीचं रक्षक दल निघालं. सगळे हौशी स्वयंसेवक. ड्रॉइंग ऑफिसातले, वेल्डिंगमधले, आणि पोट आत ओढून उभे राहणारे आमचे बाबा. मुलींना घेणार नव्हते. मी सरळ सुरक्षा अधिकारी निंबरगीसाहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "साहेब, टेलिफोनची तार तुटली तर निरोप कोण नेणार? कॉलनीत सगळ्यांत वेगात सायकल कोण चालवतं ते कोणालाही विचारा." त्यांनी खरंच विचारलं! मग मला खाकी पट्टा मिळाला आणि पितळी शिट्टी. बाबा म्हणाले, "प्रतिमा देवस्थळी, आता पाकिस्तानचं काही खरं नाही."

दलाला कवायत शिकवायचे हणमंतराव. ते टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी घ्यायचे, आणि सबंध कॉलनी त्यांना अण्णा म्हणायची. त्यांचं घराणं बेंगळुरातलं जुनं मराठा, इतकं जुनं की त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड मुरलेलं. माझी आई पुण्याची. तिला त्यांचं बोलणं ऐकलं की हसू यायचं आणि मग स्वतःच्या हसण्याची लाज वाटायची. त्यांची मुलगी प्रेमा माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर.

खंदकाच्या दिवशी बाबांनी दोरी सरळ धरली होती. अण्णांनी ती पायानं बाजूला केली.

"सरळ नको. चार हात गेलं की वळा. परत चार हात, परत वळा."

"अण्णा, सरळ खणला तर आज होऊन जाईल."

"होईल की, सरी, खरं आहे. पण एक गोळा आत पडला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे जातील, देवस्थळीसाहेब. वळण असलं की मरण तिथं अडतं."

हे त्यांनी दोरीकडे बघत सांगितलं, आवाज न चढवता, आपण म्हणतो ना, दूध उतू जाईल, आच कमी कर, तसं. मी प्रेमाला कोपरखळी मारली.

"तुझे अण्णा सैन्यात होते?"

"छे ग. महायुद्धात ते चिकपेटेत होते. अण्णांच्या मामांच्या रेशमाच्या दुकानात. अज्जा सांगतात की."

अज्जा म्हणजे अण्णांचे वडील, रघुजी. म्हैसूरच्या घोडदळातून निवृत्त झालेले, आता पडवीतल्या खाटेवर. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणं हा त्यांचा उद्योग. मला ते 'शिट्टी' म्हणायचे. "काय ग शिट्टी, आज किती विमानं पाडलीस?"

तर चिकपेट. मी मनात टिपून ठेवलं. आणि एकदा टिपायला लागलं की काय काय दिसतं! अण्णा क्लबात बसले की पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. दलाचा फोटो काढायचा ठरला तेव्हा नेमकं त्यांना दुकानात जायचं आठवलं. कवायतीत एक मुलगा गमतीनं हात वर करून 'शरण, शरण' करायला लागला, तर अण्णांनी त्याचे हात असे खाली ओढले की पोरगं रडायला आलं. आणि चीननं निर्वाणीचा खलिता धाडला, मुदत दिली, ती बातमी क्लबातल्या रेडिओवर लागली तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले. अण्णा तेवढे उठून बाहेर गेले. मी पाहिलं, ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते.

"अण्णा, बरं नाही का?"

"काही नाही बाळ. स्वल्प उकडतंय."

उकडत नव्हतं. बेंगळुरात सप्टेंबरात कोणाला उकडतं?

त्या दिवसांत पंचमस्तंभी हा शब्द सगळ्यांच्या तोंडात होता. छत्रीधारी सैनिक कुठे कुठे उतरलेत, साधूच्या वेशात कोण कोण सापडलंय, रोज नवी वदंता. आणि आमच्यापासून विमानतळ फार लांब नाही. प्रेमा सहज बोलून गेली की अण्णा हल्ली भल्या सकाळी पिशवी घेऊन फिरायला जातात, विचारलं तर चिडतात. झालं. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी सायकलच्या घंटीला रुमाल बांधला आणि मागं लागले.

ते के. आर. पुरमच्या तळ्यावर गेले. पितृपक्ष होता, त्यामुळे पायऱ्यांकडच्या बाजूला तर्पण करणारी माणसं होती. अण्णा तिथं थांबले नाहीत. पार पलीकडे, जिथं म्हशी उतरतात तिथं गेले. मी निवडुंगाच्या आड. त्यांनी पिशवीतून तांब्याचं ताम्हन काढलं, पाण्यात उतरले आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणत ओंजळी सोडायला लागले.

मला एक क्षण वाटलं, अरे, हेही तर्पणच. पण लगेच आठवलं. बाप जिवंत असणाऱ्यानं तर्पण करायचं नसतं! हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. काळे तीळ हातात घेणंसुद्धा अशुभ, म्हणजे बाप मेलाच की. आणि अण्णांचे वडील तर काल संध्याकाळीच मला विमानांची संख्या विचारत होते.

मग हे काय चाललं होतं?

तेवढ्यात सूर्य वर आला. अण्णांनी ताम्हन उपडं करून झटकलं आणि त्याचा लखलखाट झाला. एकदा. पुन्हा एकदा. तोंड बरोबर विमानतळाच्या दिशेला. आणि मग ते ताठ उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले,

"लाम!"

थांबले. समोरच्या काठाकडे बघत राहिले. मग,

"वाँग!"

परत थांबले. "रेमेडिओस!" थांबले. "मॅकरे!"

माझ्या हाताला निवडुंग लागून रक्त आलं ते मला घरी गेल्यावर कळलं. लाम! वाँग! ही तर चिनी नावं. प्रत्येक नावानंतर ते थांबत होते, म्हणजे पलीकडून कोणी उत्तर देणार होतं. मी सायकल अशी हाणली की वाटेत शेळ्या उधळल्या.

निंबरगीसाहेब दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला फेस. मी सगळं सांगितलं. चिकपेट, खंदक, फोटो, ताम्हन, नावं. लढाई थांबल्याची बातमी नुकतीच रेडिओवर आली होती, पण ब्लॅकआउट उठला नव्हता आणि चीनवर विश्वास ठेवायचे दिवस केव्हाच सरले होते. साहेबांनी उरलेली दाढी केलीच नाही. जीप काढली, मला शेजारी बसवलं. कॉलनीच्या फाटकातून निघताना प्रेमा दूध घेऊन येत होती. मी तिला हात केला. आत्ता विचार केला तर तो हात मी कशाला केला कोण जाणे.

म्हशींच्या उतारावर साहेब उकिडवे बसले. चिखलात काळे तीळ चिकटले होते, आणि दर्भाची दोन पाती.

"हे तर्पण आहे," साहेब म्हणाले.

माझा चेहरा पडला. "पण त्यांचे वडील जिवंत आहेत."

"हयात आहेत?"

"पडवीत असतात ना, रघुजी अज्जा."

साहेबांनी एक तीळ बोटावर घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. निंबरगीसाहेब विजापूरकडचे, सैन्यात काढलेली वर्षं त्यांच्या मानेत दिसतात. ते म्हणाले, "मग हे जास्त वाईट आहे, मुली. आपल्यातला माणूस हे कधी करणार नाही. पण आपल्यातला असल्याचं सोंग घेतलेला, पुस्तकातून शिकून आलेला, तो नेमकी हीच चूक करील. पितृपक्षात तीळपाणी सोडतात एवढं त्याला ठाऊक असेल. कोणी सोडायचं नसतं, हे कोण सांगणार?"

मी गुप्तहेर धरला होता आणि इथं तर माणूसच खोटा निघत होता.

"महायुद्धाच्या वर्षांत तो कुठं होता म्हणे?"

"चिकपेटेत, साहेब. म्हणजे, ते म्हणतात."

"हं," साहेब म्हणाले.

संध्याकाळी साहेबांच्या ऑफिसात अण्णांना बोलावलं. मी साक्षीदार, आणि मी लहान म्हणून बाबाही. बाबा येताना एवढंच म्हणाले, "भारत संरक्षण कायदा आहे सध्या. नुसत्या संशयावर आत टाकतात, विचारणारा कोणी नाही. तू जे पाहिलंस तेवढंच सांग. जे वाटलं ते नको."

अण्णा खुर्चीवर बसले. या वेळी पाठीशी भिंत नव्हती, खिडकी होती. ते सारखे मागं वळून बघत होते.

"हणमंतराव, वडील हयात आहेत ना?"

"आहेत."

"मग तर्पण कोणाचं?"

अण्णांनी मान खाली घातली.

"महायुद्धात कुठं होता?"

"चिकपेटेत."

"चिकपेटेत खंदक वळवून खणायला शिकवतात?"

साहेब टेबलावरून पुढं वाकले.

"तुम्ही हणमंतराव आहात हे मला कशावरून कळणार?"

यावर मात्र त्यांनी मान वर केली. रागावतील असं वाटलं. पण ते हसले, अगदी थकून. "साहेब, पोलिसांना बोलवा. त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. इथं नको. घराजवळ नको."

तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज आला आणि फाटकावरच्या शिवाप्पाचा, "अज्जा, आत जायचं नाही, अज्जा!" दार उघडून रघुजी आत आले, एका बाजूनं प्रेमानं धरलेले. प्रेमानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझ्या मुलाला कशाला धरलंय?"

अण्णा ताडकन उठले. "अप्पा, तुम्ही घरी जा."

"कोण माझ्या मुलाला चिनी म्हणतंय?"

निंबरगीसाहेब माझ्याकडे वळले. "मुली, तू ऐकलेली नावं सांग."

मी अण्णांकडे पाहिलं. ते मान हलवत होते, अगदी थोडी, नको म्हणून. दिवसभर मी ही नावं कितीदा घोकली होती, आणि आता सांगाविशी वाटेनात. पण पाहिलंस तेवढं सांग, असं बाबाच म्हणाले होते. सांगितली. लाम, वाँग, रेमेडिओस, मॅकरे.

"हात्तिच्या," रघुजी म्हणाले आणि बाबांनी रिकाम्या केलेल्या खुर्चीत बसले. "ही तर तापातली नावं. परत आला तेव्हा महिनाभर तापात हीच ओरडायचा. हिची आजी भुतं उतरवणारा आणायला निघाली होती."

"कुठून परत आला?"

"चिकपेटेची कथा माझी, साहेब. त्याची नव्हे." रघुजींनी काठी आपटली. "सांग रे आता. किती वर्षं लपवायचं?"

मग अण्णांनी सांगितलं. चिकपेटेतल्या मामांच्या पेढीनंच त्यांना हाँगकाँगला पाठवलं होतं, चिनी रेशमाच्या खरेदीला. इंग्रजांचं बेट, जगाच्या त्या टोकाला. जपानी येणार अशी आवई उठली तेव्हा तिथल्या लोकांचं स्वयंसेवक दल उभं राहिलं, त्यात हेही गेले. "पगारी सोल्जर नव्हतो आम्ही. लाम बँकेत, वाँग गोदीत, रेमेडिओस गोव्याकडच्या रक्ताचा, बाजा वाजवायचा. मॅकरे शाळामास्तर. आमची हजेरी तो घ्यायचा. शनिवारी कवायत, मग चहा. आपल्या दलासारखंच. सगळे हसायचे आम्हाला."

कोणी हसलं नाही.

"रेमेडिओस खंदकात गेला. सरळ खंदक होता. मी टोकाला होतो म्हणून राहिलो. नाताळला गव्हर्नरनं शरणागती दिली. लाम आणि वाँगनं गणवेश काढून गर्दीत मिसळायचं ठरवलं. गल्ली ओलांडेपर्यंत..." त्यांनी हातानं काहीतरी दाखवलं आणि मध्येच थांबवलं.

"आणि तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"हिंदी लोकांना वेगळं काढलं. कागद पुढं केला, निप्पॉनविरुद्ध हत्यार धरणार नाही म्हणून. मी सही केली. मला सोडलं."

"मॅकरे?"

"त्याला कोणी कागद दिला नाही. तोच मला म्हणाला, कर सही, मूर्खपणा करू नको. पुढं त्याला जहाजानं जपानला नेलं. जहाज बुडालं म्हणतात."

"मॅकरेनं सही करायला सांगितली, हे सांगायला मॅकरे आहे का?"

"तो असता तर मी तळ्यावर कशाला गेलो असतो, साहेब?"

निंबरगीसाहेबांचा चेहरा काही मऊ झाला नव्हता. शरण आलेला, शत्रूपुढं सही केलेला, नोकरीच्या अर्जात खोटं लिहिलेला. मलाही कळेना मला काय वाटतंय. इतका वेळ मला तो हेर हवा होता. आता तो हेर नाही म्हणावं तर सहीचं काय करायचं?

"इंग्रज परत आल्यावर त्यांनीही हेच विचारलं," अण्णा म्हणाले. "फार दिवस विचारलं. शेवटी कंटाळून सोडलं. निर्दोष म्हणून नव्हे."

"आणि शिक्का बसलेल्याला मुलगी कोण देतं?" रघुजी म्हणाले. "म्हणून मी चिकपेट काढलं. ते जाऊ दे. हणमंता, पण तळ्यावर काय करत होतास तू?"

या प्रश्नाला अण्णा घाबरले. पोलिसांना नव्हते घाबरले.

"पितृपक्ष लागला की रोज जातो, अप्पा. आज तर घातचतुर्दशी. हत्यारानं मेलेल्यांची. त्यांचं करणारं कोणी नाही. भटजींना, आपल्या भीमाचार्यांना, विचारलं होतं, ते म्हणाले, बाप बसलाय तोवर तुला अधिकार नाही, आणि म्लेंच्छांना तर नाहीच. म्हणून मी आपला... दर वर्षी..."

"दर वर्षी?"

"तुम्हाला नाही सोडलं पाणी. फक्त त्यांना."

"तीळ हातात घेतले की बाप मेला!" रघुजींचा आवाज फुटला. "मी इकडं तुझ्या हातचं जेवतोय, तुझी वाट बघतोय, आणि तू दर वर्षी मला मारून येतोस? जिवंत बापाला पाणी सोडणारा माझा मुलगा नव्हे. प्रेमा, चल."

काठी आपटत ते निघून गेले. निंबरगीसाहेबांनी शांतपणे फाइल मिटली.

"ऐकलंत," ते बाबांना म्हणाले. "बापच म्हणतो, माझा मुलगा नव्हे."

"साहेब, ते रागानं..."

"असेल. पण सहीला साक्षीदार नाही, हाँगकाँगच्या कथेला पुरावा नाही, आणि ओळख पटवणारा एकच माणूस, तो नाही म्हणून गेला. उद्या सकाळपर्यंत मी थांबतो. वडिलांनी येऊन सांगितलं तर बघू. नाही तर पोलिसांची गाडी येईल."

सकाळी अण्णांच्या दारात शिवाप्पा स्टूल टाकून बसला होता. मला बघून त्यानं सलाम केला, थट्टेनं की खरा, कळलं नाही. प्रेमा ओट्यावर भांडी घासत होती.

"आलीस? शिट्टी आणलीस ना?"

"प्रेमा, ऐक तरी."

"काल हात करून गेलीस. मला वाटलं, सहलीला चाललीस."

आत सकवारअक्का, प्रेमाची आई, चुलीपुढं नुसती बसून होती. अण्णा मागच्या खोलीत. रघुजी खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. रात्रीचं ताट तसंच झाकलेलं.

"काय ग शिट्टी," ते भिंतीलाच म्हणाले, "आणखी कोण राहिलंय धरायचं?"

मी रात्रभर विचार केला होता. माझं डोकं एकदा धावायला लागलं की थांबत नाही, ते आईला आवडत नाही. मी खाटेच्या पायाशी बसले.

"अज्जा, काळे तीळ तुम्ही हातात घेतले तर कोण मरतं?"

"काय?"

"अण्णांनी घेतले तर तुम्ही मरता. तुम्ही घेतले तर?"

ते हळूहळू वळले. डोळे लाल होते. "कोण मरणार? माझा बाप मरून जमाना झाला."

"मग तुम्हाला अधिकार आहे. आज सर्वपित्री आहे. आज तर कोणालाही देता येतं."

"मी? त्या... त्या बाजावाल्याला?"

"तुम्ही दिलंत की अण्णांना द्यायला नको."

बाहेर प्रेमाच्या घासण्याचा आवाज बंद झाला होता. रघुजी माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काठी बसते.

"चिनी, गोवेकर आणि गोरा," ते म्हणाले. "माझा बाप वर काय म्हणेल, हे कोण पाहुणे आणलेस म्हणून." मग पाय खाली सोडले. "सकवारबाई! तीळ आहेत का घरात?"

शिवाप्पा म्हणाला, साहेबांनी हलायचं नाही सांगितलंय. रघुजी म्हणाले, "मग साहेबांनाच तिकडं बोलाव की." निरोप न्यायचं काम तर माझंच. मी सायकल काढली. साहेबांच्या ऑफिसात पोहोचेपर्यंत मला एवढी धाप लागली होती की मी फक्त "तळ्यावर. अज्जा. तीळ," एवढंच बोलले. त्यांना ते पुरलं.

जीपमधून आम्ही उतरलो तेव्हा रघुजी म्हशींच्या उतारावर गुडघाभर पाण्यात उभे होते, अण्णांनी एका दंडाला धरलेले. प्रेमा ताम्हन आणि तांब्या घेऊन त्यांच्या हाताशी, काठावर. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तांब्या पुढं केला.

"धर. नुसती बघत उभी राहू नकोस."

मी धरला.

"नाव सांग," रघुजी म्हणाले.

"लाम."

"गोत्र?"

"ठाऊक नाही, अप्पा."

"मग काश्यप. ज्याचं कुणाला ठाऊक नाही त्याचं काश्यप." त्यांनी तीळ घेतले. ओंजळ अंगठ्याकडून कलली, पाणी सांडलं. "पुढचा."

"वाँग."

"काश्यप."

"रेमेडिओस."

"हे स्वल्प नीट सांग. रेमे?"

"डिओस."

"काश्यप. बाजावाला हाच ना?" पाणी सांडताना ते थोडे थांबले. "पोरगं असेल."

"बावीस वर्षांचा."

निंबरगीसाहेब माझ्या शेजारी उभे होते. टोपी त्यांनी काढली होती, पण डोळे काही अण्णांच्या चेहऱ्यावरून हलले नव्हते.

"पुढचा," रघुजी म्हणाले.

"मॅकरे."

रघुजींनी तीळ घेतले आणि हात मध्येच थांबवला.

"याचं प्रेत पाहिलंस?"

"नाही, अप्पा. जहाज बुडालं म्हणून..."

"म्हणून. कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणायचे."

"तुझ्याबद्दल पण सगळे काय काय म्हणायचे." त्यांनी मूठ मिटली आणि तीळ परत ताम्हनात टाकले. "याला मी मारणार नाही. उद्या दारात येऊन उभा राहिला तर?"

अण्णांचा हात त्यांच्या दंडावरून सुटता सुटता राहिला. ते दोघं तसेच पाण्यात उभे होते. मग रघुजी काठाकडे वळले आणि साहेब दिसले.

"काय बघता, साहेब? हा माझा मुलगा आहे. हणमंता. काल म्हणालो ते रागात म्हणालो. घ्या लिहून."

"घेतो," साहेब म्हणाले. पण हलले नाहीत. "हणमंतराव, हा मॅकरे कुठल्या शाळेत होता?"

अण्णांनी शाळेचं नाव सांगितलं.

"पूर्ण नाव?"

तेही सांगितलं.

"पोलिसांना मी आज कळवत नाही. पण या माणसाची चौकशी मी करणार. जिवंत असेल तर सापडेल. आणि सापडला," साहेबांनी टोपी घातली, "तर तो तुमच्याबद्दल काय सांगेल, ते मला ठाऊक नाही."

अण्णा वडिलांना धरून चिखलातून वर येत होते. ते थांबले.

"मलाही ठाऊक नाही, साहेब," ते म्हणाले. "विचारा त्याला. मलाही ऐकायचंय."